न उपसलेल्या पाण्याचा भाव

आणंदहून गोध्राकडे जाणारा रेल्वेमार्ग भालेज, उमरेठ, डाकोर, ठासरा अशी स्थानकं घेत पूर्वेकडे जातो. दोन्ही बाजूंना चरोतरचा सपाट, गाळाचा मुलूख आहे. तंबाखू, केळी, भात, गहू, बाजरी, आणि मधूनमधून मही कालव्याच्या चाऱ्या. मराठी माणसाला या वाटेवरचं डाकोर परकं वाटू नये, कारण रणछोडरायाचं आजचं मंदिर १७७२ मध्ये गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सराफानं बांधलेलं आहे. डाकोरला येणारी बहुतेक माणसं दर्शन घेऊन माघारी फिरतात. मला मात्र त्याच ठासरा तालुक्यातलं, खेडा जिल्ह्यातलं ढुंडी नावाचं गाव बघायचं होतं. गावात देऊळ, किल्ला, लेणी असं प्रवाशाला खेचणारं काहीच नाही. शेतात उभ्या केलेल्या सौर पॅनेलच्या रांगा आहेत, त्यांच्या तारा एका ठिकाणी गोळा होतात आणि तिथून त्या ११ केव्हीच्या वाहिनीला जोडलेल्या आहेत. डोळ्यांना दिसतं ते एवढंच. तरीही शेती, पाणी आणि वीज या त्रांगड्याबद्दल मुंबई-पुण्यात आणि दिल्लीत बसून जे लिहिलं-बोललं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी या गावाच्या शिवारात उभं राहिल्यावर नव्यानं तपासून बघाव्या लागतात. माझं म्हणणं असं आहे की गावात सौरऊर्जा उभी राहिली एवढ्यानं गावाचं फारसं काही बदलत नाही. ती वीज विकणारा कोण आहे, यावर बदल ठरतो. शेतकरी विकणारा झाला की त्याचं पाण्याशी, वीज कंपनीशी आणि शेजाऱ्याशी असलेलं नातं पालटतं. तो फुकट विजेचा लाभार्थी राहिला, किंवा जमीन भाड्यानं देणारा झाला, तर ते पालटत नाही.

ढुंडीची गोष्ट सांगण्याआधी त्याच वाटेवरच्या उमरेठ तालुक्यातल्या थामणा गावाचं नाव घ्यायला हवं. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेचं एक कार्यालय आणंदला आहे. टाटा ट्रस्टच्या मदतीनं तिथं चाललेल्या संशोधनाचं नेतृत्व अर्थतज्ज्ञ तुषार शाह यांनी केलं. सौरपंपाची वाढलेली वीज शेतकऱ्यानं विकली तर काय होईल, हा प्रश्न त्यांनी कागदावर न ठेवता २०१५ मध्ये थामण्याच्या एका शेतकऱ्याबरोबर शेतात करून पाहिला. ऊन हेही एक पीक आहे, त्याला पेरणी नको, खत नको, फवारणी नको, आणि त्याला हमीभाव देता येतो, ही त्यामागची कल्पना. पण एकट्या शेतकऱ्याकडून वीज घ्यायची म्हणजे त्याच्यासाठी वेगळी तार, वेगळं मीटर, वेगळा हिशेब, आणि हे वीज कंपनीला झेपणारं नव्हतं. म्हणून पुढचं पाऊल ढुंडीत पडलं. इथल्या शेतकऱ्यांकडे वीजजोडणी नव्हती, ते डिझेल इंजिनावर पाणी काढत होते. सहा जणांनी मिळून ‘ढुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी’ काढली. सुरुवातीची एकूण क्षमता ५६.४ किलोवॉट होती, पुढे आणखी तिघं आले आणि ती ७१.४ किलोवॉट झाली. पहिल्या सहा जणांनी किलोवॉटमागे ५,००० रुपये घातले, नंतरच्या तिघांनी २५,०००. उरलेला भार संशोधन संस्थेनं उचलला. २०१६ मध्ये मध्य गुजरात वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार झाला, भाव ठरला युनिटला ४ रुपये ६३ पैसे. शिवाय प्रयोगाचा भाग म्हणून संस्थेनं आपल्याकडून सव्वा रुपया हरित विजेसाठी आणि सव्वा रुपया पाणी वाचवण्यासाठी असा अडीच रुपयांचा बोनस जोडला. या बदल्यात सभासदांनी एक गोष्ट सोडली, आणि ती लहान नाही: पुढची २५ वर्षं अनुदानित शेतीवीज मागण्याचा हक्क.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शेतकऱ्याला या शेवटच्या वाक्याचं वजन लगेच कळेल. आपल्याकडे कोटेशन भरून जोडणीची वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं गावोगाव आहेत. जोडणी मिळाली तरी थ्री फेज वीज अनेकदा रात्रीची, म्हणजे पौष-माघाच्या थंडीत मध्यरात्री उठून दारं धरायची, पायाखाली साप आहे की विंचू ते बघायचं, आणि आता जुन्नर-संगमनेरकडे उसाच्या फडात बिबट्या आहे का तेही. डीपी जळाला की वर्गणी काढून दुरुस्त करायचा. या सगळ्यावर सरकारचं उत्तर काय, तर एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज. सुमारे ४४ लाख शेतकरी त्यात येतात. त्या शेतकऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं याचं मला मनापासून बरं वाटतं. दुष्काळ, भाव आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसाला वीजबिलातून सुटका मिळणं ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण बिल शून्यावर आलं की पाण्याचा शेवटचा हिशेबही शून्यावर येतो. मोटर दोन तास जास्त चालली तर खिशातून काही जात नाही, बंद ठेवली तर खिशात काही येत नाही. म्हणून शेतकरी स्वयंचलित स्टार्टर बसवतो आणि वीज आली की मोटर आपोआप सुरू होते. यात बेपर्वाई नाही. वीज पुन्हा केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या माणसाचं ते अगदी शहाणपणाचं वागणं आहे.

ढुंडीत हे गणित उलटं फिरतं. पॅनेलवर ऊन पडत असताना तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटचं काय करायचं, याचे सभासदापुढे तीन पर्याय असतात. स्वतःच्या पिकाला पाणी द्यावं, शेजाऱ्याला पाणी विकावं, किंवा मोटर बंद ठेवून वीज वाहिनीत सोडावी. तिसरा पर्याय नव्यानं आलेला आहे आणि त्याच्यामुळे पहिल्या दोघांनाही किंमत चिकटते. पाणी जमिनीत राहू दिल्याचे पैसे मिळतात. देशात सिंचनाच्या विहिरी आणि कूपनलिका दोन कोटींहून अधिक आहेत. त्यांच्यावर कायद्यानं नजर ठेवू शकेल असं सरकार मला कल्पनेतही दिसत नाही. भूजल कायदे आपल्याकडे झाले, पाणलोटनिहाय समित्याही कागदावर आल्या, पण कुणाच्या विहिरीवर जाऊन ‘बस, एवढंच’ असं कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तर गाव ऐकणार नाही. भाव मात्र ऐकला जातो.

इथं पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप उभा राहतो. सौरपंप म्हणजे दिवसभर फुकट चालणारी मोटर. ती देशभर वाटली तर भूजलाचा उरलासुरला साठाही संपेल असं अनेक जलतज्ज्ञ सांगतात, आणि विक्रीची सोय नसलेल्या सौरपंपाबद्दल ते बरोबर आहेत. पण विक्रीची सोय दिली तरी शेतकरी खरोखर मोटर बंद ठेवेल का? याचं उत्तर ढोबळ आकडेमोडीतून काढता येतं. पंप आणि पाइप यांची एकत्रित कार्यक्षमता चाळीस टक्के धरली, तर एका युनिटमध्ये १२ मीटरवरून सुमारे १२,००० लिटर पाणी वर येतं. तेच पाणी १२० मीटर खोल असेल तर जेमतेम १,२०० लिटर. एका एकराला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची म्हणजे दोन लाख लिटर. उथळ पाण्याच्या शिवारात त्या पाळीला साडेसोळा युनिट लागतील आणि ती न देता वीज विकली तर ४ रुपये ६३ पैशांच्या दरानं पंचाहत्तर-शहात्तर रुपये मिळतील. एवढ्यासाठी कोणी पीक तहानलेलं ठेवणार नाही. खोल बोअरच्या शिवारात मात्र त्याच पाळीला १६५ युनिट, म्हणजे साडेसातशे रुपयांहून जास्त. उसाला वर्षात अशा तीसेक पाळ्या धरल्या आणि हरभऱ्याला तीन, तर खोल पाण्यावर दोन्ही पिकांमधला फरक एकरी वीस हजारांच्या घरात जातो. ऊस लावावा की नाही याचा विचार करायला लावणारा तो आकडा आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात आणि मला दोन्ही सांगायच्या आहेत, जरी पहिली माझ्या म्हणण्याला सोयीची नसली तरी. ढुंडीसारख्या, कालव्याच्या झिरप्यानं भूजल भरणाऱ्या गाळाच्या प्रदेशात विजेचा भाव पाणी वाचवेल ही अपेक्षा फार ताणू नये. तिथं पाणी मुबलक आहे आणि उपसा स्वस्त आहे. तिथला खरा लाभ वेगळा आहे: डिझेल थांबलं, दिवसा पाणी मिळू लागलं, शेजारच्या जिरायती तुकड्यांना डिझेलपेक्षा स्वस्तात पाणी विकता आलं आणि वीजविक्रीचं उत्पन्न सुरू झालं. दुसरी गोष्ट महाराष्ट्राच्या कामाची आहे. पाणी जितकं खोल, तितका विजेच्या भावाचा दाब जास्त. मराठवाड्यात, माणदेशात, नगरच्या दक्षिणेला जिथं बोअर शेकडो फूट खाली गेलेत, तिथंच हे साधन सगळ्यात धारदार ठरेल. द्राक्ष-डाळिंबाच्या बागायतदाराला ते रोखू शकणार नाही, कारण बाग वाचवण्यासाठी तो टँकरचंही पाणी विकत घेतो. पण हलक्या भावाच्या पिकाला जड पाणी घालण्याची जी सवय मोफत विजेनं लावली, तिला ते हात घालू शकतं. बेसॉल्टच्या खडकात पाणी मुळातच थोडं साठतं, म्हणून इथं चुकीला जागाही कमी आहे.

दुसरा आक्षेप वीज कंपन्यांचा असतो. लाखो छोट्या विक्रेत्यांशी व्यवहार कसा करायचा? मीटर कोण वाचणार? रात्री वाहिनीतली स्वस्त वीज घेऊन ती दिवसा सौर म्हणून खपवली तर कोण पकडणार? आपल्याकडे आकडा टाकण्याची परंपरा पाहता ही शंका खोटी म्हणता येत नाही. ढुंडीचं उत्तर चरोतरच्या मातीतलंच आहे. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये खेडा जिल्ह्यात दूध संघ उभा राहिला, ज्याला पुढे जग अमूल म्हणून ओळखू लागलं. त्या संघाला प्रत्येक गोठ्यात जाऊन दूध मोजण्याची गरज पडली नाही. गावची मंडळी सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करते, फॅट काढते, नोंद ठेवते आणि संघ मंडळीशी व्यवहार करतो. ढुंडीत वीज कंपनीचं मीटर एकच आहे, जिथं सगळ्यांची वीज एकत्र होऊन वाहिनीत शिरते. आत कोणी किती दिली, हे मंडळी आपल्या मीटरवरून ठरवते आणि पैसे वाटते. एखाद्यानं लबाडी केली तर ती शेजाऱ्याच्या वाट्यातून जाते, म्हणून शेजारीच पहारा करतो. आकडा टाकणाऱ्याकडे गाव काणाडोळा करतं, कारण तोटा लांबच्या कंपनीचा असतो. इथं तोटा कोणाचा हेच बदललं आहे. सहकाराबद्दल भाबडं बोलण्याचे दिवस गेले हे मला मान्य आहे, पण हा भाबडेपणा नव्हे, ही रचना आहे.

मग भावाचा प्रश्न. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्याच लिलावात मोठ्या सौर प्रकल्पांनी युनिटला १ रुपया ९९ पैसे इतका खाली दर दिला होता. असं असताना शेतकऱ्याला साडेचार रुपये देण्यात काय शहाणपण? हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या ठिकाणच्या विजेची तुलना केलेली असते. एक दर आहे वाळवंटाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रकल्पाच्या फाटकावरचा. तिथून ती वीज गावात यायला मनोरे लागतात, उपकेंद्रं लागतात, वाटेत गळती होते, आणि शेवटी पंपापर्यंत पोचल्यावर ती जवळजवळ फुकट द्यावी लागते. दुसरा दर आहे गावाच्या वाहिनीत, दिवसा, पिठाच्या गिरणीपासून शाळेपर्यंत जिथं ती वापरली जाणार तिथंच मिळणाऱ्या विजेचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ढुंडीच्या सभासदानं अनुदानित जोडणीचा हक्क सोडला आहे. म्हणजे वीज कंपनीला त्याच्यापर्यंत खांब-तारा न्याव्या लागल्या नाहीत आणि २५ वर्षं त्याच्यावर होणारा अनुदानाचा खर्चही टळला. हा टळलेला खर्च हिशेबात धरला तर साडेचार रुपये हे दान उरत नाही. बोनसच्या अडीच रुपयांबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही. ते संशोधन संस्थेचे पैसे होते आणि त्यांच्या आधारावर देशभराचं धोरण उभं राहू शकत नाही. गुजरात सरकारनं जून २०१८ मध्ये आणलेल्या ‘सूर्यशक्ती किसान योजने’त हाच विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला: खर्चाचे साठ टक्के अनुदान, पस्तीस टक्के कर्ज, पाच टक्के शेतकऱ्याचे, आणि पहिली सात वर्षं युनिटला सात रुपये, ज्यात निम्मे राज्य सरकारचे. योजना पहिल्या टप्प्यापलीकडे फारशी पसरली नाही. भाव इतका चढा ठेवला की तिजोरीला धाप लागते, आणि कमी ठेवला की शेतकरी कर्ज काढायला धजत नाही. मधला भाव शोधणं हे नीरस आणि चिकाटीचं काम आहे, पण खरं काम तेच आहे.

आता महाराष्ट्राकडे वळतो, कारण ढुंडीतून परतताना माझ्या डोक्यात सतत आपलंच गणित चालू होतं. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ ही २०२३ पासूनची योजना देशातल्या सगळ्यात मोठ्या योजनांपैकी आहे. शेतीच्या वाहिन्या उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांवर चालवायच्या आणि शेतकऱ्याला दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू आहे. दिवसा वीज ही मराठी शेतकऱ्याची पिढ्यांची मागणी. ज्या गावांत ती खरोखर मिळू लागली आहे, तिथं रात्रीची दारं सुटली, आणि एवढ्यासाठी या योजनेचं मोकळ्या मनानं स्वागत करायला हवं. पण तिची रचना पाहा. प्रकल्प उभारतो विकासक, बहुतांशी मोठी कंपनी. जमीन सरकारची, अनेक ठिकाणी गायरान, किंवा शेतकऱ्याची भाड्यानं घेतलेली. भाडं हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार, दरवर्षी तीन टक्के वाढीनं. पडीक माळाला एवढं भाडं मिळणं वाईट नाही. तरी त्याच एकरावर दोनशे किलोवॉट पॅनेल बसतं, वर्षाला तीन लाख युनिट निघतात, आणि तीन रुपयांच्या आसपासच्या दरानं नऊ लाखांची वीज विकली जाते. जमीनमालकाच्या हाती त्यातला अठरावा हिस्सा. उरलेल्यातला मोठा भाग भांडवलाची परतफेड आहे, हे मी विसरत नाही. तसा प्रकल्प उभा करायला ऐंशी लाखांच्या आसपास रक्कम लागेल, आणि ती एकट्या शेतकऱ्याकडे नसते. पण पाण्याच्या बाजूनं पाहिलं तर ही रचना जुन्याच जागी उभी आहे. पंपाला वीज मोफत, मोटर बंद ठेवण्याचा मोबदला शून्य. फक्त रात्रीच्या जागी दिवस आला.

नगर जिल्ह्याला जमीन भाड्यानं देण्याचा इतिहास ठाऊक आहे, आणि तो इथं आठवणं भाग आहे. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांवर बेलापूर कंपनीसारखे खासगी साखर कारखाने आले तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी त्यांना दीर्घ मुदतीनं खंडानं दिल्या. त्या वेळी ठरलेली रक्कम वाईट वाटत नव्हती. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्या जमिनी कारखान्यांकडून सरकारकडे आणि तिथून शेती महामंडळाकडे गेल्या, आणि मूळ मालक ‘खंडकरी’ या नावानं अर्धं शतक आपल्याच जमिनीसाठी मोर्चे काढत राहिले. आजचे भाडेकरार वेगळे आहेत, मालकी सातबाऱ्यावर शेतकऱ्याचीच राहते, आणि तशीच नाट्यमय शोकांतिका पुन्हा घडेल असं मी म्हणत नाही. पण त्याच जिल्ह्यात, त्याच काळात दुसरी वाट निघाली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास त्याचा गळीत हंगाम सुरू झाला. शेअर गोळा करायला विठ्ठलराव गावोगाव हिंडले. ऊस पिकवणाऱ्यानंच कारखान्याचा मालक व्हावं, ही त्या वेळी अव्यवहार्य वाटणारी गोष्ट होती. भांडवल एकट्याकडे नव्हतंच, ते शेकडो जणांच्या वर्गणीतून, बँकेच्या कर्जातून आणि सरकारच्या हमीतून आलं. एका मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला लागणारं चार कोटी भांडवल साखर कारखान्याच्या तुलनेत किरकोळ आहे. केंद्राच्या ‘पीएम-कुसुम’ योजनेच्या पहिल्या घटकात शेतकरी, सहकारी संस्था आणि ग्रामपंचायतींनाही असे छोटे प्रकल्प उभारण्याची मुभा आहे. मुभा असताना संस्था का पुढे येत नाहीत, याचं कारण कर्जात आहे. बँक तारण मागते, आणि वीज कंपनीचे पैसे वेळेवर येतील याची हमी कोणी देत नाही.

‘सहकारात वीज’ म्हटलं की नगरकर लगेच मुळा-प्रवरेचं नाव काढतील, आणि काढायलाच हवं. श्रीरामपूर-राहुरीच्या परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेनं दशकानुदशकं वीज वाटली आणि २०११ मध्ये थकबाकीच्या डोंगराखाली तिचं वितरणाचं काम महावितरणकडे गेलं. सहकाराचा अंत असाच होतो, असा निष्कर्ष त्यातून काढणं सोपं आहे. मला त्यात पैशाच्या दिशेचा धडा दिसतो. मुळा-प्रवरा वरून वीज विकत घ्यायची आणि खाली सभासदांना विकायची. संस्थेला जगण्यासाठी स्वतःच्याच सभासदांकडून, म्हणजे मतदारांकडून, वसुली करावी लागे. निवडून येणारं संचालक मंडळ वसुली कडक करू शकत नाही, हे उघड आहे. ढुंडीच्या मंडळीत पैसा उलट्या दिशेनं वाहतो, बाहेरून आत येतो आणि सभासदांत वाटला जातो. दुधाची मंडळीही अशीच चालते आणि म्हणून टिकते. जिथं संस्था सभासदाचा माल विकून देते तिथं सहकार तग धरतो, जिथं ती सभासदाकडून वसूल करते तिथं राजकारण शिरतं. आपल्याला वितरणाची सहकारी संस्था पुन्हा नको आहे, उत्पादनाची हवी आहे.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ढुंडीत विक्रेता तोच होऊ शकतो ज्याच्याकडे जमीन आणि विहीर आहे. भूमिहीनाला यात जागा नाही. उलट पाणी विकत घेऊन तुकडा कसणाऱ्या शेजाऱ्याला उद्या पाणी महाग पडू शकतं, कारण विहीरवाल्यापुढे आता वीज विकण्याचा पर्याय आहे. डिझेलच्या जागी सौर आल्यामुळे ढुंडीत पाणी स्वस्त झालं, पण जिथं आज पाणी मोफत विजेवर निघतं तिथं तसं होणार नाही. महाराष्ट्रात तर याची दुसरी बाजूही आहे: गायरानावर प्रकल्प आला की ज्यांची शेळी-मेंढी तिथं चरते, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथला तुकडा कसला, त्यांचं काय? ग्रामपंचायतीला मिळणारं वार्षिक पाच लाखांचं तीन वर्षांचं अनुदान त्यांच्यापर्यंत पोचेलच असं नाही. मला सुचतो तो अर्धाच उपाय आहे. गायरानावरच्या प्रकल्पात भूमिहीन कुटुंबांना आणि बचत गटांना भाग मिळावेत, जागा गावाची म्हणून भागभांडवलाचा एक हिस्सा जमिनीच्या मोलातून धरावा. यानं चराईचा प्रश्न सुटत नाही, म्हणून चराईची जागा आधी आखून मगच प्रकल्पाची मोजणी व्हायला हवी.

ढुंडीनंतर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात अशीच मंडळी उभी केली. तिथल्या शेतकऱ्यांकडे वीजजोडण्या आधीपासून होत्या आणि त्यांनी त्या अनुदानित जोडण्या सोडल्या. आपल्या दृष्टीनं मुजकुव्याचा प्रयोग ढुंडीपेक्षाही जवळचा आहे, कारण महाराष्ट्रातला प्रश्न जोडणी नसलेल्यांइतकाच जोडणी असलेल्यांचाही आहे. एखाद्या वाहिनीवरच्या शेतकऱ्यांना असा पर्याय देऊन बघता येईल: मोफत वीज हवी असेल तर ती चालू राहील, किंवा पंपापुरतं पॅनेल घ्या, उरलेली वीज मंडळीमार्फत विका, आणि मोफत विजेवर सरकार तुमच्यासाठी दरवर्षी खर्च करतं तेवढी रक्कम कर्जाच्या हप्त्यात वळती करा. सक्ती नको, कारण अनुदान काढून घेण्याचा वास आला की शेतकरी कागदावर सही करत नाही, आणि त्याचा अनुभव पाहता ते रास्त आहे. सुरुवात खोल बोअरच्या तालुक्यांपासून व्हावी, जिथं वाचवलेल्या पाळीचा भाव सगळ्यात जास्त येतो.

ढुंडीचा करार २०४१ मध्ये संपेल. पॅनेलचं आयुष्यही साधारण तेवढंच धरतात, पण जागा, तारा, मीटर, मंडळी आणि पाव शतकाचा हिशेब ठेवण्याचा अनुभव सभासदांकडे राहील आणि नव्या भावासाठी ते पुन्हा वाटाघाटीला बसतील. महाराष्ट्रात २०२४ पासून सुरू झालेल्या सौर वाहिनी प्रकल्पांचे करारही २५ वर्षांचे आहेत. मुदत संपल्यावर त्या प्रकल्पाचं काय होणार, हे विकासकानं ठरवायचं की गावानं, याचं कलम करारात आत्ताच घालता येतं. तशा प्रकल्पात गावच्या संस्थेला दहा-वीस टक्के भाग घेण्याचा पहिला हक्क देता येतो आणि मुदतीनंतर संपूर्ण प्रकल्प नाममात्र किमतीत त्या संस्थेकडे जाईल असं लिहिता येतं. ज्या गावांत जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे, तिथल्या ग्रामसभेनं ठरावात ही दोन कलमं मागून घ्यावीत.